नगर ते नगर रोड

पुण्यात कुणाला विचारा, "घर ऑफिसपासून किती लांब?" उत्तर किलोमीटरमध्ये येतच नाही. "आठला निघालं तर पाऊण तास, नऊनंतर निघालं तर देव जाणे!" मुंबईकर लोकलच्या टायमिंगमध्ये उत्तर देतो. आणि नगर? नगरमध्ये सगळ्या अंतरांना एकच माप आहे. दहा मिनिटं.

सावेडीतून माळीवाडा? दहा मिनिटं. दिल्ली गेटवरून कलेक्टर ऑफिस? दहा मिनिटं. भिंगारमधून कापड बाजार? तेच. एमआयडीसी जरा लांब, म्हणजे पंधरा. "आलोच, दहा मिनिटांत," असं फोनवर सांगणारा माणूस अजून अंघोळीलाही गेलेला नसतो, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. पण तो चिडत नाही. कारण तो स्वतःही अजून घरीच असतो.

मी मूळची नगरची. मास कॉम करायला पुण्यात गेले, तिथेच काही वर्षं नोकरी केली आणि आता फ्रीलान्सिंग करत पुन्हा नगरमध्ये राहतेय. त्यामुळे दोन्हीकडची घड्याळं मला कळतात. किल्ला, रणगाड्यांचं म्युझियम आणि चांदबीबीचा महाल एका दिवसात उरकून शिर्डीला निघणारे टुरिस्ट भरपूर आहेत. पण नगर खरं बघायचं असेल तर वर्किंग डेला बघा. सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा.

आज पाणी आहे!

नगरच्या ऑफिसात उशिरा यायला ट्रॅफिकचं कारण चालत नाही. कोण विश्वास ठेवणार? सक्कर चौक ते चांदणी चौक हा उड्डाणपूल नोव्हेंबर 2022मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिले काही दिवस कुठेही जायचं नसताना लोक त्यावरून एक चक्कर मारून, सेल्फी काढून आले. ट्रॅफिक जॅम ही इथे अजूनही सांगण्यासारखी बातमी आहे.

इथलं खरं, सर्वमान्य कारण एकच. "आज पाणी होतं." शहराला पाणी येतं मुळा धरणातून, आणि बऱ्याच भागांत ते रोज येत नाही. त्यामुळे कॅलेंडरवर सुट्ट्यांइतकंच महत्त्व पाण्याच्या दिवसाला. टाकी, पिंप, कळशी, अंगणातलं कडीपत्त्याचं झाड, सगळं भरून-भिजवून झालं की माणूस ऑफिसला निघतो. बॉस काही बोलत नाही. त्याच्याही एरियात आज पाणी असतं.

ऑफिसं तरी कसली? बँकेच्या शाखा, विमा कंपन्या, सीएंच्या फर्म, जिल्हा परिषद, कोर्ट, हॉस्पिटलं, गाड्यांच्या शोरूम, क्लासेस. काचेचे टॉवर नाहीत, कॅफेटेरिया नाही, गळ्यातलं आयकार्ड मिरवायची पद्धतही नाही. बरीचशी ऑफिसं पहिल्या मजल्यावर, खाली मेडिकल किंवा मोबाइलचं दुकान आणि जिन्यात चपलांची रांग. पार्किंगमध्ये मात्र दुचाकीच दुचाकी. हे शहर तसं जुनंच दुचाकीवालं. 1972 साली बाजारात आलेली ती लाडकी लुना नगर-दौंड रोडवरच्या कारखान्यात बनायची. चालवायला सोपी, पिशवी अडकवायला जागा आणि दहा मिनिटांच्या अंतराला पुरून उरणारी. लुना याच शहरात घडली, यात नवल ते काय!

डब्याला सुट्टी

दुपारी दीडच्या सुमाराला प्रोफेसर कॉलनी चौकात उभे राहा. एक छोटी मिरवणूक दिसेल. ऑफिसातली माणसं घरी जेवायला निघालेली. हो, घरी. तव्यावरची भाकरी, गरम आमटी, जमलं तर पंधरा मिनिटं पाठ टेकायची आणि तीनच्या आत पुन्हा खुर्चीत. पुण्यात माझ्या टीममधले सगळे जण मायक्रोवेव्हसमोर डबे घेऊन रांगेत उभे असायचे. तिथे हा प्रकार सांगितला तर लोकांना वाटायचं, मी आजोबांच्या काळातली गोष्ट सांगतेय.

पण या सुखाला एक बारीकशी अट आहे, आणि ती सगळ्यांना सारखी लागू नाही. माझी एक मैत्रीण सीएच्या ऑफिसात काम करते. ती म्हणते, "घरी जाता येतं ना, म्हणून मग जावंच लागतं." तिचा नवरा दीडला घरी येतो तो जेवायला. ती घरी येते ती वाढायला. सासूबाईंची गोळी, मुलाची शाळेतून येणारी रिक्षा, दुपारचा दूधवाला, सगळं त्या सव्वा तासात बसवलेलं. मार्च आणि सप्टेंबरात, टॅक्सची कामं अंगावर आली की ती मुद्दाम डबा नेते. "डबा नेला की मला ऑफिसात अर्धा तास कुणी हाक मारत नाही. तेवढाच माझा लंच ब्रेक!"

हेही दहा मिनिटांचंच गणित. फक्त दुसऱ्या बाजूने मांडलेलं.

चहाची वेळ

चार वाजता शहर पुन्हा रस्त्यावर येतं. चहा! अमृततुल्य, गुळाचा, मसाल्याचा, टपरीवरचा कटिंग. नगरी माणूस चहाला एकटा जात नाही आणि "नको" म्हणणाऱ्याला सोडतही नाही. बदल्या, बढत्या, कोणाच्या पोराचं कुठे जमलं, कोणाचा प्लॉट कितीला गेला, हा सगळा डेटा टपरीवर रोज अपडेट होतो.

गंमत म्हणजे या शहरातला सगळ्यात नामवंत चहाबाज नगरचा नव्हताच. ऑगस्ट 1942मध्ये 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना पकडून नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणलं गेलं. त्यात नेहरू होते, सरदार पटेल होते आणि मौलाना आझादही. मौलाना भल्या पहाटे उठायचे आणि स्वतःच्या हाताने चहा करायचे. तोही चिनी, व्हाइट जस्मिन नावाचा, दुधाचा थेंब न घालता. बाकीच्या मंडळींना त्या चहाचं फारसं कौतुक नव्हतं. मग मौलानांनी चहाबद्दल पत्रात लिहिलं. मित्राला उद्देशून लिहिलेली ही पत्रं पोस्टात पडलीच नाहीत, पण पुढे 1946 साली त्यांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक आलं. त्याच किल्ल्यात नेहरूंनी 1944मध्ये, एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहून काढलं. फावल्या वेळात ते बागकाम करायचे.

मी हे डेडलाइन चुकवणाऱ्या मित्रांना नेहमी ऐकवते. पाच महिने, इंटरनेट नाही, लायब्ररी नाही आणि बाहेर जायची परवानगी नाही! त्यावर एकाचं उत्तर ठरलेलं असतं. "मीटिंगही नव्हत्या ना!"

किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. भिंगारच्या बाजूला रणगाडा दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र आहे. के. के. रेंजवर सराव सुरू असला की कधी कधी लांबून धडाडधूम ऐकू येतं. बाहेरगावचा माणूस खिडकीकडे धावतो. नगरचा माणूस एक्सेल शीटमधून मान वर करत नाही.

कुणाची गं तू?

दहा मिनिटांच्या शहरात लपायला जागा नसते. आजारी आहे म्हणून सुट्टी घेऊन सिनेमाला गेलात, तर इंटरव्हलमध्ये पॉपकॉर्नच्या रांगेत बॉसची मेहुणी भेटते. ती "आता बरं वाटतंय का?" असं विचारते आणि ते खरंच काळजीने विचारते, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग! नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी डिग्री नंतर विचारतात. आधी विचारतात, "कुणाची गं तू? सावेडीतल्या का?" दोन मिनिटांत कुणाची तरी मावशी माझ्या आत्याची वर्गमैत्रीण निघते आणि मग मला स्टेपलर मिळतो.

जोडप्यांचे तर हालच. शहरात निवांत भेटायला ठिकाण नाही. मग बाइक काढायची आणि तेरा-चौदा किलोमीटरवरच्या डोंगरावर जायचं. सगळे त्या वास्तूला चांदबीबीचा महाल म्हणतात, पण ती कबर आहे निजामशाहीतल्या सलाबतखान नावाच्या मंत्र्याची. अष्टकोनी, तीन मजली, दगडी. पावसाळ्यात तिथे ढग कमानीतून आत येतात. वरून सगळं नगर दिसतं. अडचण इतकीच, की नगरमधूनही तो डोंगर दिसतो आणि वर गेल्यावर निम्मे चेहरे ओळखीचेच निघतात. तिथे सगळे एकमेकांना न बघितल्यासारखं करतात. नगरमधली प्रायव्हसी ती एवढीच!

पण हीच ओळख दुसऱ्या बाजूने काय देते? कोविडमध्ये घरात एकट्या असलेल्या आमच्या शेजारच्या काकांचा डबा कधी चुकला नाही. आज या घरून, उद्या त्या घरून. पुण्यात चार वर्षं राहिले, शेजारच्या फ्लॅटचं आडनाव मला बेलवरच्या पाटीमुळे माहीत होतं.

शुक्रवार संध्याकाळ, सोमवार पहाट

आता मुद्द्याचं. एवढं सगळं जवळ, स्वस्त आणि ओळखीचं असेल, तर माझ्या वर्गातली निम्मी मुलं गेली कुठे?

पुण्याला. आणि पुण्यात कुठे? येरवडा, विमाननगर, खराडी, वाघोली. म्हणजे नगर रोडवर! यातली गंमत लक्षात येते का? नगर सोडायचं, एकशेवीस किलोमीटर जायचं आणि नगर रोडवर भाड्याने राहायचं. खराडीच्या आयटी पार्कबाहेरच्या पार्किंगमध्ये एमएच-16च्या बाइक मोजायचा खेळ आम्ही खेळायचो. दहा मोजून होईपर्यंत चहा संपायचा नाही.

या रस्त्याची सवय जुनी आहे. 1 जून 1948ला एसटीची पहिलीवहिली गाडी धावली ती याच मार्गावर, नगरहून पुण्याला. लाकडी बॉडीची गाडी, ड्रायव्हर किसन राऊत, कंडक्टर लक्ष्मण केवटे. बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022ला, एसटीची पहिली इलेक्ट्रिक 'शिवाई'ही पुणे-नगर याच मार्गावर सुरू झाली. मध्ये गाड्या बदलल्या, रस्ता रुंद झाला, 2024 साली जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहिल्यानगर झालं. चौंडीत 1725 साली जन्मलेल्या अहिल्यादेवी या जिल्ह्याच्याच लेक. पण पुण्यातल्या स्टँडवर कंडक्टर अजूनही "नगर, नगर, नगर" असंच ओरडतो. दोन्ही नावांच्या शेवटी नगर आहेच, त्याचं काम सोपं झालंय.

शुक्रवारी रात्री या गाड्या भरून येतात आणि सोमवारी पहाटे भरून जातात. सोमवारी पाच वाजता स्टँडवर जाऊन बघा. अंधारात मोबाइलच्या उजेडातले चेहरे, पाठीवर लॅपटॉपची सॅक आणि हातात एक पिशवी. त्या पिशवीत काय असतं ते न उघडता सांगता येतं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, वर्षभराच्या मसाल्यातला एक डबा. सोडायला आलेले बाबा स्कूटरवरून उतरत नाहीत. खिडकीकडे बघत "पोचलास की फोन कर," एवढंच म्हणतात. गाडी केडगाव ओलांडायच्या आत निम्मी बस झोपलेली असते. सुपा, शिरूर, रांजणगाव… जाग येते ती वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये.

सावेडीत, पाइपलाइन रोडला, तपोवन रोडला अशी कितीतरी घरं आहेत. तीन बेडरूम, वर गच्ची, दारात जास्वंद आणि आत दोनच माणसं. ज्या मुलाची खोली वर रिकामी आहे, तो खराडीत तिघांत एक खोली घेऊन राहतोय.

बादली ओली असली की…

2020नंतर वाटलं होतं, हे चित्र उलटेल. लॉकडाऊनमध्ये मुलं लॅपटॉपसकट परत आली. माझा एक शाळेतला मित्र सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दोन वर्षं त्याने वरच्या खोलीतून काम केलं. सकाळी वडिलांबरोबर चालायला जायचा, दुपारी खाली येऊन जेवायचा, संध्याकाळी नाटकाच्या तालमीला. नगरला नाटकाचं वेड आहे. सदाशिव अमरापूरकर इथलेच, आणि इथल्या एकांकिका स्पर्धांना आजही मुलं जीव तोडून तालमी करतात. कॉलेजात सुटलेलं नाटक त्याला तिशीच्या तोंडावर पुन्हा सापडलं.

मग ऑफिसचा मेल आला. आठवड्यातून तीन दिवस हजेरी. त्याने हिशेब केला. आता तो मंगळवारी पहाटे जातो, गुरुवारी रात्री येतो आणि मधल्या दोन रात्री मित्राच्या फ्लॅटवर गादी टाकून झोपतो. तालमी सुटल्या. त्याची आई म्हणते, "पोरगा आला कधी, गेला कधी कळतच नाही. बाथरूममधली बादली ओली असली की समजायचं, येऊन गेला."

नोकरी सोडून इथेच काही बघ, असं त्याला सांगणं सोपं आहे. पण त्याच्या कामाला इथे मिळेल त्या पगारात घराचा हप्ता निघत नाही, हेही खरं आहे. एमआयडीसीत कारखाने आहेत, सुप्यात नव्या कंपन्या आल्यात, पण प्रत्येक शिक्षणाला तिथे खुर्ची नाही. उलट माझी ती सीएच्या ऑफिसातली मैत्रीण पुण्याला जायची संधी आली तेव्हा गेली नाही. आज तिला पश्चात्ताप आहे का, असं विचारलं तर ती म्हणाली, "सोमवारी नाही. अप्रेझलच्या दिवशी आहे."

मी दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. माझे पैसे पुण्या-मुंबईच्या संपादकांकडून येतात आणि माझा दिवस नगरमध्ये जातो. महिना बेताचा असतो. पण संध्याकाळी साडेसहाला काम संपलं की सात वाजता मी चितळे रोडवर भाजी निवडत असते. पुण्यात सात वाजता मी बसमध्ये उभी असायचे, समोरच्याची सॅक नाकाला लागत. दिवसाचे ते दोन तास कुणाच्याही पे स्लिपवर लिहिलेले नसतात. त्यामुळे पगाराची तुलना करताना ते कुणी धरतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की धरा. मग वाटेल तो निर्णय घ्या. पुण्याचा घ्या, नगरचा घ्या, किंवा मधला मंगळवार ते गुरुवार घ्या. पण पॅकेजच्या आकड्याशेजारी हा दुसरा आकडाही लिहा. ऑफिसातून घर, किती मिनिटं?

नगर बघायचंय?

पुण्याहून एसटी दिवसभर असते. तीन तास हाताशी ठेवा, वाघोलीचा मूड चांगला असेल तर कमी. शक्य असेल तर शुक्रवारची सुट्टी टाकून या, म्हणजे कामाच्या दिवसाचं शहर बघायला मिळेल. किल्ल्यात जायचं तर ओळखपत्र जवळ ठेवा. रणगाड्यांच्या म्युझियमला तासभर द्या. 1994मध्ये सुरू झालेल्या या म्युझियममध्ये जुने रणगाडे अगदी हाताच्या अंतरावरून बघता येतात. शेजारीच सोळाव्या शतकातला फराहबाग आहे, तोही चुकवू नका. संध्याकाळी कापड बाजारात नुसतं चालून या. खरेदी करायची नाही असं ठरवून गेलात तरी एक पिशवी हातात येतेच. आणि डिसेंबर-जानेवारीत आलात तर हुरडा! शेतात बसून, हातावर चोळलेली गरम कणसं, सोबत गूळ, दही आणि शेंगदाण्याची चटणी. शेत किती लांब आहे म्हणून विचारू नका. उत्तर तुम्हाला माहीत आहे.